ताई, यंदा गरबा खेळता येईल का?

या वेळचं पत्र मांजलपूरहून आलंय. लांब आहे म्हणून थोडं कापून देते, पण शब्द तिचेच ठेवलेत.

"ताई, मी २७ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही बडोद्यातच, त्यामुळे गरबा म्हणजे जीव की प्राण, शाळेत असल्यापासून नऊच्या नऊ रात्री. दीड-दोन वर्षं उजव्या जांघेत दुखत होतं, खाली बसलं की, गाडीत तासभर बसलं की चमक यायची. शेवटी एमआरआयमध्ये निघालं की खुब्याच्या उखळीची कड फाटलीये आणि गोळ्याच्या मानेवर हाड वाढलंय. सहा आठवड्यांपूर्वी दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे कुबड्या होत्या, आता सुटल्यात, दुखणं जवळजवळ गेलंय. फिजिओकडे चार आठवडे गेले मग सोडलं, कारण नुसतं पालथं झोपा, पाय दाबा, सोडा, हे तर घरीही होतं. आता यूट्यूब बघून पाय सरळ वर उचलायचा व्यायाम करते, रोज पन्नास वेळा, पण त्याने जांघेत पुढून परत दुखायला लागलंय. नवरा म्हणतो संध्याकाळी तू लंगडतेस, मला तर जाणवत नाही. मांडी बाहेरून बधिर आहे. आत टक् असा आवाज येतो. पुढच्या आठवड्यात गौरी आहेत, सासूबाई म्हणतात पूजेला पाटावर बसावं लागेल. आजेसासूबाई म्हणतात हाडवैद्याकडून चोळून घे. नणंद म्हणते ऑपरेशनच करायला नको होतं, व्यायामानेच बरं झालं असतं. मला फक्त एवढंच सांगा, नवरात्रीत खेळू का? पास घ्यायचेत."

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. यंदा खेळायचं नाही. खेळणाऱ्यांचा पास घेऊ नकोस. मला माहितीये हे वाचून तुला काय झालं असेल, मी पण याच गावची, दांडिया बाजारात वाढलेली, आश्विन लागला की पाय आपोआप हलायला लागतात ते मला कुणी समजवायला नको. पण गेली अठरा वर्षं फिजिओथेरपी करतीये आणि नवरात्रीनंतरच्या सोमवारी माझ्याकडे कोण कोण येतं ते बघितलंय, म्हणून ठामपणे सांगते.

आता का ते सांगते. तुझ्या आत नेमकं काय केलंय ते तुला कुणी नीट बसून सांगितलेलं दिसत नाही. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत फिरतो. उखळीच्या काठाला चहूबाजूंनी कुर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात, नळाला जसा वायसर असतो ना तसं तिचं काम, आतलं वंगण बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि गोळा घट्ट धरून ठेवायचा. तुझ्या गोळ्याच्या मानेपाशी थोडं हाड जास्त होतं, त्यामुळे दर वेळी तू वाकलीस किंवा वाकून वळलीस की ते हाड त्या कडेवर आपटायचं, आणि अशी हजारो वेळा आपटून ती कड फाटली. (या सगळ्या प्रकाराला इम्पिंजमेंट असं नीट नाव आणि आकार दिला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या राइनहोल्ड गान्झ या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, २००३ मध्ये, म्हणजे हे निदान तसं नवंच आहे, आपल्या आईच्या पिढीला "सायटिका असेल" किंवा "वात आहे" एवढंच सांगून घरी पाठवायचे.) ऑपरेशनच्या वेळी टेबलावर तुझा पाय खेचून गोळा आणि उखळ यांच्यात साधारण एक सेंटिमीटरची फट केली, बारीक भोकांतून दुर्बीण आणि हत्यारं आत घातली, सांध्याभोवतीची जाड पिशवी कापून वाट केली, फाटलेली कड छोट्या खिळ्यांनी आणि दोऱ्याने हाडाला परत शिवली, जास्तीचं हाड घासून काढलं, आणि बहुतेक वेळा ती पिशवीही शिवून बंद करतात. बाहेरून बघायला दोन-तीन टाके, तेही दोन आठवड्यांत निघाले. आत मात्र अख्खं बांधकाम झालंय.

आणि इथेच सगळे फसतात. दुर्बिणीचं आहे म्हणजे छोटं आहे, छोटं आहे म्हणजे लवकर बरं होणार. भोक छोटं असतं गं, काम छोटं नसतं. शिवलेली कड हाडाला धरायला साधारण तीन महिने धरून चालतात. हाड जिथे घासलंय ती जागा सुरुवातीचे काही आठवडे नेहमीपेक्षा कमजोर असते, म्हणून तर कुबड्या दिल्या होत्या आणि म्हणून तर उड्या नकोत, तिथून हाड मोडणं दुर्मिळ आहे पण होतं. आणि दुखणं मात्र सहाव्या-आठव्या आठवड्यातच बरंचसं जातं. म्हणजे तू आत्ता नेमकी त्या वळणावर आहेस जिथे मन म्हणतं झालं बरं, आणि सांधा अर्ध्या वाटेवर असतो. माझ्याकडे कारेलीबागचा एक मुलगा होता, चोविशीतला, त्याचं असंच ऑपरेशन, असंच छान चाललेलं, नवव्या आठवड्यात मित्रांनी रात्री टर्फवर क्रिकेटला बोलावलं, म्हणे फक्त कीपिंग करतो. फक्त कीपिंग म्हणजे सारखं उठबस! दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. कड परत फाटली नव्हती हे नशीब, पण सांधा असा काही चिडला की पुढचे दोन महिने आम्ही पहिल्या महिन्याचेच व्यायाम करत बसलो.

आता तुझं लंगडणं. तुला जाणवत नाही म्हणतेस, बरोबर आहे, कुणालाच जाणवत नाही, दीड-दोन वर्षं दुखऱ्या पायाने चालून मेंदूने तीच चाल खरी मानलेली असते. उद्या सकाळी एवढं कर, आरशासमोर उभी राहा, सलवारची नाडी किंवा पँटचा पट्टा दिसेल असं बघ, एक हात भिंतीजवळ ठेव (टेकवायचा नाही, फक्त जवळ), आणि ऑपरेशनच्या म्हणजे उजव्या पायावर उभं राहून डावा पाय थोडासा उचल. आता पट्ट्याकडे बघ. डावीकडची बाजू खाली गेली, किंवा ती जाऊ नये म्हणून तू अख्खं अंग उजवीकडे झुकवलंस, तर समज की नितंबाच्या बाजूचा ग्लुटिअस मिडियस नावाचा स्नायू अजून झोपलाय. दर पावलाला एका पायावर शरीर तोलून धरायचं काम त्याचं. तो झोपला की ते ओझं सांध्यावर आणि पुढच्या स्नायूंवर येतं, सकाळी कसंबसं निभतं, संध्याकाळी दमला की लंगडणं दिसायला लागतं, नवऱ्याला दिसतंय ते हेच. त्याचं ऐक. आणि संध्याकाळी बाहेर जायचं असेल, खंडेराव मार्केटला भाजीला वगैरे, तर एक काठी घे, आणि ती डाव्या हातात धर, उजव्या नाही, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. लाज वाटते काठीची, माहितीये, सत्तावीस वर्षांच्या मुलीने काठी घेतली की लोक थांबून विचारतात. पण चार आठवडे काठीने सरळ चालणं हे चार महिने लंगडत चालण्यापेक्षा कितीतरी बरं, कारण लंगडत चालायची सवय एकदा पक्की झाली की ती मोडताना आम्हाला नाकीनऊ येतात.

पाय सरळ वर उचलायचा तो व्यायाम आजपासून बंद. पूर्ण बंद. तो गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्यांना देतात, यूट्यूबवर "पायाचे व्यायाम" टाकलं की तोच पहिला येतो. पण खुब्याच्या पुढून सोआस नावाचा एक मोठा स्नायू जातो, त्याची दोरी बरोबर तुझ्या शिवलेल्या जागेसमोरून घासत जाते, आणि उताणं झोपून लांब पाय उचलला की सगळा भार तिच्यावर येतो. या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त तीच दुखावते. तुझं जांघेतलं नवं दुखणं बहुतेक तेच आहे, आणि बंद केलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत निवतं. त्याऐवजी टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा आणि परत सरळ करायचा, पाय गादीवरून उचलायचा नाही. आणि ते पालथं झोपणं, जे तुला रिकामटेकडं वाटलं, ते दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं करच. दिवसभर खुर्चीत बसून खुबा पुढून आखडतो, आखडला की चालताना पाय मागे जात नाही, मग कंबर वाकते, मग कंबर दुखते आणि मग लोक कंबरेचा एमआरआय करायला जातात.

ग्लुटिअस मिडियससाठी एक व्यायाम सांगते, पण तो तुझ्या फिजिओला दाखवूनच चालू कर कारण मी तुला बघितलेलं नाही. भिंतीला पाठ लावून डाव्या कुशीवर झोप, टाच, नितंब, खांदे तिन्ही भिंतीला टेकलेले. उजव्या पायात मोजा घाल. आता टाच भिंतीला दाबून ठेवून पाय भिंतीवरूनच वर सरकव, फार नाही, वीतभर, अंगठा छताकडे न जाऊ देता समोर ठेवायचा, किंचित खाली चालेल. भिंत नसली की पाय हळूच पुढे येतो आणि काम परत पुढच्याच स्नायूंवर जातं, म्हणून भिंत. बरोबर होत असेल तर सात-आठ वेळांतच खिशाच्या मागच्या बाजूला जळजळ होईल. जांघेत पुढून दुखलं तर चुकतंय. पन्नास कशाला, दहा नीट कर, थांब, परत दहा. सोबत पाठीवर झोपून दोन्ही पायांनी सेतुबंध, आणि स्थिर सायकल घरात किंवा सोसायटीच्या जिममध्ये असेल तर सीट उंच करून, वजन शून्यावर ठेवून पंधरा मिनिटं, ती सांध्याला वंगण घालते, आत चिकटू देत नाही. कसलाही नवीन व्यायाम केला की एक हिशोब ठेव, दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवलेलं असलं तर चालेल, सकाळीही तसंच असलं तर काल जास्त झालं.

म्हणून सांगते, परत फिजिओकडे जा. तू सोडलंस कारण तिथे काही "होत" नव्हतं, शेक नाही, मशीन नाही, चोळणं नाही. पण खरी मजा सहाव्या आठवड्यानंतरच सुरू होते, आत्तापर्यंत फक्त जपणं चालू होतं. आता एका पायावर उभं राहणं, मग पायरीवरून हळू उतरणं, मग बाजूला चालणं, मग एका पायावर बसकण, मग उड्या, हे एकावर एक रचत जायचं असतं आणि कुठली वीट कधी ठेवायची ते तुला बाजूने बघणारा माणूसच सांगणार. रोज जायची गरजही नाही, आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा, घरी रोज. फी जड जात असेल तर तसं मोकळेपणाने सांग, कुणीही समजूतदार फिजिओ घरचा कार्यक्रम लिहून देईल. आणि जाताना ऑपरेशनचा कागद घेऊन जा, डिस्चार्जचा नाही, ऑपरेशनमध्ये काय काय केलं तो. कड शिवली का नुसती साफ केली, पिशवी शिवली का, कुर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडली का, यावर सगळं वेळापत्रक बदलतं. भोकं पाडली असतील तर कुबड्याच सहा ते आठ आठवडे असतात. तुला तीनला सोडल्या म्हणजे बहुधा तसं नसावं.

बधिरपणा आणि आवाज, दोन्हीबद्दल घाबरू नको. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस दुर्बिणीच्या पुढच्या भोकाच्या जवळून जाते, ती थोडी दुखावते किंवा ताणली जाते, बहुतेकींचं काही आठवड्यांत, कुणाचं काही महिन्यांत सुधारतं, पायाच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. पाय खेचल्यामुळे पावलात किंवा जांघेच्या आत, नाजूक भागातही बधिरपणा येऊ शकतो, ते कुणी लाजून सांगत नाही, राहिलं असेल तर सर्जनना सांग. टक् आवाज न दुखता येत असेल तर बहुतेक ती सोआसची दोरी सरकतीये. दुखून येत असेल, किंवा पाय अडकल्यासारखा होत असेल, तर मात्र दाखवायचं. आणि लगेच दाखवायच्या गोष्टी वेगळ्या: पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, ताप, जखमेतून पाणी, किंवा काल टेकत होता तो पाय आज टेकवेनासा होणं. यात सोमवारची वाट बघायची नाही, धाप लागली तर थेट इमर्जन्सीला.

गौरींचं बघू. पाटावर मांडी घालून बसणं म्हणजे खुबा पूर्ण वाकवून बाहेर फिरवणं, आणि बाहेर फिरवलं की पुढून शिवलेली पिशवी ताणली जाते. सातव्या आठवड्यात तासभराची पूजा अशी बसून नको. सासूबाईंना सांग की महालक्ष्मी खुर्चीवरून केलेली पूजाही घेतील. त्या ऐकणाऱ्या असतील तर हेच वाचून दाखव, मीच त्यांना सांगते, आई, ही मुलगी अजून थोडे दिवस खाली बसली नाही तर पुढची तीस वर्षं तुमच्या गौरी खाली बसून करेल. चौरंगाशेजारी उंच स्टूल ठेवा, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील असं. सोळा भाज्यांची चिराचिरी टेबलावर करू दे, विळी नको. हळदीकुंकवाला वाकून पाया पडणं यंदा उभ्यानेच नमस्कार. मांडी साधारण तीन महिन्यांनंतर हळूहळू, आधी भिंतीला टेकून, खाली जाड उशी घेऊन, पाच मिनिटं, मग वाढवत. उकिडवं बसणं त्याहून उशिरा, तोवर कमोडच.

आजेसासूबाईंचा जीव तुझ्यावर आहे हे कळतंय. त्यांच्या काळात बडोद्यात हाडवैद्य आणि आखाड्यातले उस्ताद हेच आधार होते आणि मुरगळलेल्या मनगटाला, उतरलेल्या खांद्याला त्यांनी खूप लोकांना बरंही केलंय, माझ्या आजोबांनाही. पण शिवलेल्या सांध्याला ओढणं, पिळणं, जोरात चोळणं, अजिबात नाही. त्यांना तेल लावायचंच असेल तर पाठीला लावू देत, पोटरीलाही नको.

नणंदेचं म्हणणं जरा नीट उत्तर देण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये यावर मोठी चाचणी झाली, ३४८ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, अर्ध्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन, अर्ध्यांना नीट आखलेला व्यायामाचा उपचार, आणि २०१८ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. वर्षाने ३३ प्रश्नांच्या, शंभरपैकी गुण देणाऱ्या तक्त्यावर दोन्ही गट सुधारलेले होते, ऑपरेशनवाले सरासरी जवळपास ७ गुणांनी पुढे. म्हणजे नणंद पूर्ण चूक नाही, व्यायामाने पुष्कळांना बरं वाटतं आणि आधी तोच करून बघावा असं मी पण सांगते, आणि तूही चूक नाहीस. तुझं ऑपरेशन होऊन गेलंय, तो वाद आता घरात कशाला. पण त्यातलं एक तुझ्या कामाचं आहे बघ, शंभरच्या तक्त्यावर ७ गुणांचा फरक, म्हणजे ऑपरेशन ही काही जादू नव्हे, उरलेलं सगळं तुझ्या स्नायूंनी कमवायचंय. पूर्ण बरं वाटायला कित्येकांना वर्षही लागतं.

ॲक्टिवाबद्दल तू विचारलं नाहीस पण चालवत असशीलच. सर्जननी हो म्हटल्यावरच, आणि तरीही मेन स्टँडवर लावू नको, ते उजव्या पायाने दाबून अख्खी गाडी ओढायची असते, साइड स्टँड कर. कार असेल तर ब्रेक उजव्या पायाचा, अचानक जोरात दाबता येतो का ते बंद गाडीत बसून आधी बघ. जिने चढताना डावा आधी, उतरताना उजवा आधी. आणि अजून एक जे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, नवराबायकोचं. सहा आठवड्यांनंतर बहुतेकांना चालतं, दुखत नसेल तर, तू पाठीवर, मांड्यांखाली उशा, खुबा खूप वाकेल किंवा बाहेर पसरेल असं काही नको, दुखलं की थांबायचं आणि त्याला सांगायचं. तुझं लंगडणं बघणारा नवरा आहे, समजून घेईल.

आता परत गरबा. आपला बडोद्याचा गरबा म्हणजे नुसता नाच नाही, तो खेळ आहे, मी तर त्याला फुटबॉलच्या रांगेत बसवते. अनवाणी, मातीच्या मैदानावर, दोन-तीन तास न थांबता, मधे गाणारे आणि भोवती गोलावर गोल, थांबलीस तर मागची अंगावर येते. दर आवर्तनाला कंबरेत वाकायचं आणि वाकलेल्या अवस्थेतच एका पायावर वळायचं. वाकून वळणं! तुझी कड फाटली ती याच हालचालीने, आणि शिवलेल्या कडेवर सगळ्यात जास्त ताण येतो तोही याच हालचालीने. त्यात फुदरडी, म्हणजे गिरकी, घेताना सगळं वजन एका पायावर आणि पाऊल जमिनीला खिळलेलं. पाच आठवड्यांनी पहिली रात्र येईल तेव्हा तुझे अकरा आठवडे झालेले असतील. सगळं सुरळीत असलेल्यांना सरळ रेषेत हळू पळायला आम्ही साधारण बाराव्या आठवड्यानंतर सोडतो, आणि वळण्या-फिरण्याचे खेळ चार-सहा महिन्यांनंतर, कधी त्याहून उशिरा.

तेही तारीख बघून नाही हं. जिन्याच्या पायरीवर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच हळू खाली टेकवून परत वर, असं दहा वेळा, गुडघा आत न पडता आणि पट्टा न झुकता जमलं पाहिजे. एका पायावर अर्धा मिनिट स्थिर. बाजूच्या स्नायूची ताकद डाव्याच्या नव्वद टक्के तरी. एका पायावरच्या उडीत दोन्ही पायांचं अंतर जवळजवळ सारखं. हे झालं की खोलीत चपला घालून दोन टाळीचा साधा गरबा, पाच मिनिटं, न वाकता. मग दहा. मग तीन टाळीचा. मग वळणं. मग अनवाणी. शरद पौर्णिमेला नाही जमणार, पण माघ-फाल्गुनात कुणाचं तरी लग्न असेलच, आणि बडोद्यात गरब्याशिवाय लग्न होत नाही, तिथे पहिल्यांदा अर्धा तास खेळ.

आणि नऊ रात्री घरात कोंडून बसू नको, ते मी बघितलंय, मुली स्टेटस बघत बसतात आणि रडतात. बघणाऱ्यांच्या बाजूचा पास घे, चणियाचोळी नटून घाल, फक्त ती खूप आरशांची जड नको, खुर्ची कडेला घे, अर्ध्या तासाने उठून चार पावलं फिर. आरतीला उभी राहा. टाळ्या वाजव, टाळीला खुबा लागत नाही. मैत्रिणी ओढायला येतीलच, "एकच राउंड", त्यांना आधीच ग्रुपवर लिहून टाक की यंदा नाही म्हणजे नाही, तिथे ढोल चालू असताना नाही म्हणवत नाही कुणालाच.

सोमवारी फिजिओला फोन कर. जाण्याआधी एका पायावर उभं राहायचा तो आरशासमोरचा प्रयोग नवऱ्याला मोबाइलवर काढायला सांग, एकदा समोरून, एकदा मागून, दोन्ही पायांचा, पट्टा दिसेल असा, आणि तो व्हिडिओ ठेवून दे. दर दोन आठवड्यांनी त्याच जागी तसाच काढत जा. दिवाळीत मला परत लिही आणि पट्टा कुठे आहे ते सांग.